मान सरळ असेल तर पाच

सोमवारी करवत बंद ठेवून
आम्हा अकरा जणांना जेवणाच्या खोलीत बसवलं.
तार्तूहून आलेल्या मारेतबाईंनी
फळ्यावर दोन चौकोन काढले, मधे बाण.
डावीकडे प्रेषक, उजवीकडे ग्राहक.
ग्राहक म्हणजे तो डेन्मार्कचा का,
ऑर्डर रद्द करणारा? उर्मासनं विचारलं.
नाही, बाई म्हणाल्या,
ज्याच्यापर्यंत पोचायचं, तो.
मग बाणावर एक नागमोडी रेघ:
याला व्यत्यय म्हणायचं.

आता व्यत्यय आम्हाला शिकवणार!
सकाळी सहाला पातं फिरायला लागलं
की तो हाडांतून बोलतो,
घरी बायको मीठ मागते
आणि मी उठून खिडकी लावतो.

म्हणून तर इथे हातांनी बोलायचं.
मूठ म्हणजे थांब.
कोपर दोनदा हललं तर ओंडका उलटा कर.
कानाची पाळी ओढली तर मालक येतोय.
आणि जितकी बोटं, तितक्या सेंटिमीटरची फळी.

हेइनोच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत.
एकोणनव्वदच्या हिवाळ्यात गेली,
कशी, ते आम्ही विचारलं नाही.
डावा हात कायम लिव्हरवर.
तेव्हा हेइनोची तीन म्हणजे पाच, मान सरळ असेल तर.
मान तिरकी असली तर तीन म्हणजे तीनच.
हे कुणी कुणाला सांगितलेलं नाही.
कळत गेलं, थंडीत दार कुठे अडकतं
ते कळतं तसं.

काउपोला येऊन नऊ दिवस झाले होते.
अख्खा स्प्रूसचा ढीग त्यानं तीनचा कापला.

समजलं नव्हतं तर प्रत्याभरण द्यायचं होतं,
बाई हळूच म्हणाल्या.
म्हणजे उलट विचारायचं, खात्री करायची.
काउपोचे कान लाल झाले.
माझंच चुकलं, तो म्हणाला.

दिलं होतं हो त्यानं, बाई.
मी दोघांच्या मधे उभा होतो, मी पाहिलं.
पोरानं तीन बोटं वर करून विचारलं: तीन?
हेइनोला त्यात स्वतःचीच खूण दिसली,
त्यानं मान हलवली.
दोघांचंही एकमत झालं
आणि करवत चालू झाली.

हे मी तिथे बोललो नाही.
कॉफी गार झाली होती,
बाईंची तार्तूची बस दोन चाळीसची.

मंगळवार, सहा वाजून दहा मिनिटं.
हेइनोनं तीन दाखवली, मान सरळ.
काउपोनं हातमोजा काढला
आणि पलीकडून पंजा उघडला:
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सगळी पाच.
हेइनो बघत राहिला
त्या बोटांकडे,
मोजायला लागतो त्याहून बराच वेळ.
ओंडका पट्ट्यावर थांबलेला,
मागून उर्मास शिव्या देतोय,
ऐकू येत नाहीत, ओठ दिसतात.

मग मान हलली.