बेदाणे

निमसेच्या गच्चीवर पैसे चालत नाहीत.
बेदाणा म्हणजे पाच, काळा मनुका एक.
फैयाज पहिल्या डावाआधीच भांडवल खातो.
"बँक बुडाली रे!"

दीडला मॅच. विल्यमची पैज
नेहमी हरणाऱ्या टीमवर,
"भाव चांगला मिळतो" म्हणे,
जसा काही लासलगावला कांदाच घालतोय.

मध्येच निमसे : बुर्किना फासोची राजधानी?
"तुझी सासुरवाडी," फैयाज.
"औगाडुगू," थेटे, पत्त्यांतून मान वर न करता.
त्याला सगळं येतं.

हरेल त्याच्याकडे सकाळची मिसळ,
पाच जणांची, जादा पाव धरून.

थेटेचा चेहरा कोरा.
अंबडची त्याची कंपनी फेब्रुवारीतच बंद पडली,
तरी सव्वाआठला डबा घेऊन निघतो.
आम्हाला बोलला नाही.
निमसेने पाहिलं त्याला, गोल्फ क्लबच्या बाकावर,
अकरालाच डबा उघडताना.

माझ्या हातात तीन राण्या.
"पॅक," मी म्हणालो.
फैयाज पॅक. निमसे पॅक.
विल्यमही पॅक, एक शिवी हासडून.

थेटेने ढीग ओढला.
"भित्रे साले," म्हणाला,
आणि माझे पत्ते उलटून बघायला
हात पुढे केला.

मी ते घाईघाईने
गड्डीत मिसळले.