काट्याच्या वहीतली अंडी

खाण बंद झाली तेव्हा काट्यावरच्या ऑफिसातून
तीन कोऱ्या वह्या मी घरी आणल्या.
चोरीच म्हणा.
गाडी नंबर, वेळ, भरलेलं वजन, रिकामं वजन...
या रकान्यांत आता मी अंडी लिहिते.

रिवणला, परसात, पाच कोंबड्या.
चवथीपर्यंत रोज चार, कधी पाच.
मग तीन.
मग एका मंगळवारी खोपटात नुसतं ओलं गवत
आणि कवचाचा तुकडा, नखाएवढा, आतून पिवळा.

आधी मुंगसावर आळ घेतला.
मग भारद्वाजावर.
मग शेजारच्या पोरावर, मनातल्या मनात;
त्याची मी अजून माफी मागितलेली नाही.

चौथ्या दिवशी माडाआड उभी राहिले.
तांबडी उठली, वळली,
आपल्याच अंड्याकडे तिनं असं पाहिलं
जसं मी पगाराच्या पाकिटाकडे पाहायचे,
आणि चोच मारली.
घाई नाही. लाज नाही.
मग गवताला चोच पुसली, दोन्ही बाजूंनी,
पंगतीतून उठलेल्या माणसासारखी.

दीर कृष्णनाथ म्हणाला, चटक लागली की सुटत नाही,
आयतारी शागुती कर, मी नारळ किसून देतो.
नारळ किसायची त्याची ही पहिलीच तयारी
चाळीस वर्षांत.

मी आधी मिरची करून पाहिली.
अंड्याला भोक पाडलं, आतलं काढलं,
हरमलची मिरची वाटून भरली, मेणानं तोंड लिंपलं.
तांबडीनं तेही खाल्लं.
शिंका मलाच आल्या.

क्लोतिल्द माय काठी टेकत कुंपणापाशी आली.
तुकडा बोटांत धरला,
तो तांदळाच्या पापडासारखा मोडला.
"बाये, तिका भूक ना. तिका चुनो जाय."

चुना.
स्वयंपाकघराच्या खिडकीत माझ्या गोळ्यांची बाटली,
मनगट मोडलं तेव्हापासूनची.
डॉक्टरीण म्हणाली होती,
बाहेरून मिळालं नाही की शरीर स्वतःतूनच काढतं.
किती वर्षं काढत होतं, कुठल्या वहीत नाही.
मी दुसऱ्यांचं वजन करत होते.

शुक्रवारी सावर्ड्याहून तिसऱ्या आणल्या.
आम्ही सुकं खाल्लं, शिंपल्या धुतल्या, भाजल्या,
पाट्यावर भरडल्या, रव्याहून जाड,
आणि करवंटीत ठेवल्या, दाण्यापासून वेगळ्या.
पाचही आल्या.
तांबडी संपेपर्यंत हलली नाही.

खोपटाला गोणपाटाचा पडदा, आत काळोख.
गवतात सावंतवाडीचं लाकडी अंडं,
भाचीच्या खेळण्यातलं, अर्धा रंग उडालेलं.
तांबडीनं टोचलं. टक.
पुन्हा. टक.
मान वाकडी करून उभी राहिली,
बंद ऑफिसचं दार वाजवून कुणी उभं राहावं तशी.

पण आता अंडीच येईनात.
पिसं झडू लागली, परसात उशी फाटल्यासारखं.
माय म्हणाली, दिवस आखूड झालेत,
नवी पिसं घालताहेत बिचाऱ्या,
अंगाला एका वेळी एकच काम झेपतं.
सुक्या सुंगटांचं कूट घाल.
आणि मोजू नकोस.

न मोजणं मला येत नाही.
एकोणतीस ओळी शून्य.
काट्यावरच्या शेवटच्या महिन्यात असंच पान होतं,
तारीख, शून्य, सही,
आणि बाहेर उभ्या गाड्यांच्या टपांवर गवत.

कृष्णनाथ मध्येच एकदा किसणी बघून गेला.

आज सकाळी गोणपाटाखाली हात घातला.
लाकडी अंडं गार.
त्याला लागून एक, ऊन.
नखानं वाजवलं कानाशी धरून.
जाड वाजलं.

वहीत लिहिलं: एक.
वेळ लिहिली, सात वाजून दहा.
गाडी कुणाची, तो रकाना
तसाच सोडला.