निचरा क्रमांक चौदा

नगरपालिकेच्या नकाशात ह्या ओढ्याला नाव नाही.
तुटक निळी रेघ, शेजारी लिहिलंय : निचरा, १४.
बॉथेलच्या टायर-दुकानामागून निघतो,
पार्किंगखाली शिरतो, आणि आमच्या नव्या घरांच्या
कुंपणापाशी पुन्हा उजेडात येतो,
डोळे चोळत.

शनिवारी सकाळी इंगर हालवर्सन मला
तिच्या नवऱ्याचे गमबूट देते, दोन नंबर मोठे.
एकाहत्तर वर्षांची बाई, पाण्यात माझ्यापुढे.
माझ्याकडे टेप, तक्ता, पेन्सिल.

पहिली मादी वाळूवर आडवी. कोहो.
पासष्ट सेंटिमीटर. शेपटी कोरी,
म्हणजे घरटं उकरलंच नाही तिनं.
इंगर सुरी चालवते, पोट उघडतं :
गाभोळी.
सगळी. एक दाणा सांडलेला नाही.

वेंगुर्ल्याच्या बाजारात ह्याच शब्दाला आई थांबायची.
"गाबोळी आसा गो आत," गाबतीण पोट दाबून दाखवायची,
आणि भाव चढायचा.
इथे मी रकाना शोधते :
अंडी शिल्लक, शंभर टक्के.

दीड वर्ष समुद्रात काढून
बाळंतपणाला माहेरी आली होती,
ह्याच पाण्याच्या वासावर.
काल रात्री पाऊस झाला, रस्ते धुऊन निघाले.
टायरची झिजलेली पूड उतारानं खाली आली.
काही तास लागतात, इंगर म्हणते.
आधी मासा गोल फिरतो,
मग तोंड वर काढतो, काही विचारायचं असल्यासारखा.

माझी गाडी वर उभी आहे.
मार्चमध्ये चारही टायर बदलले, गुळगुळीत झाले होते.
त्यांच्यावरची नक्षी कुठे गेली
हे तेव्हा मनातही आलं नाही.
आणि मंगळवारच्या सभेत हात वर केला होता मी,
पार्किंग वाढवा म्हणून.
इंगर मागच्याच रांगेत होती.
त्याबद्दल ती आजही बोलत नाही.
एवढंच म्हणते, पाइपाच्या तोंडाशी बघ. हळू.

सावलीत एक नर.
लाल कूस, वाकडा जबडा, शेपटी जेमतेम हलतेय.
हा तक्ता मेलेल्यांचा, त्याला कुठे लिहू?
समासात लिहिते : एक.

वर दुकानामागे चर खणायचाय,
वाळू, साल, कुजलेला पाला भरून,
म्हणजे पाणी गाळून उतरेल.
कुदळी दोन आहेत, इंगर सांगते.
बूट राहू देत तुझ्याकडे.