मीठबंदर, एक चप्पल

दिगू म्हणतो, खांद्यावर तो होता.
मी म्हणते, मी.
खाडीच्या चिखलानं गिळली ती चप्पल निळी होती,
पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली,
इथपर्यंत आमचं एकमत.
पुढे मीठबंदर ते कोपरी
अनवाणी पायाला खडी टोचू नये म्हणून
बाबांनी ज्याला उचलून घेतलं
तो, किंवा ती,
यावर गेली चाळीस वर्षं
दर दिवाळीला फराळाच्या ताटाशी
खटला उभा राहतो.

पुरावे दोन्हीकडे आहेत.
तो सांगतो, वरून मिठाचे ढीग दिसत होते,
पेंढ्यानं झाकलेले,
म्हशी रवंथ करत बसल्यासारखे.
मी सांगते बाबांच्या शर्टाचा वास,
मशीनच्या तेलाचा, उन्हानं तापलेला,
आणि उजव्या कानामागचा तीळ
जो फक्त वरूनच दिसतो.
तिळाशी तो गप्प होतो.
मग चकली मोडत म्हणतो,
तीळ तुला मीच सांगितला होता.

खरं सांगायचं तर
रात्री डोळे मिटून त्या रस्त्यावर गेले
की कधी मला तीळ दिसतो
आणि कधी मीच दिसते, पाठमोरी,
दोन वेण्या, लाल रिबिनी, एक तळवा चिखलाचा.
आता, खांद्यावरच्या मला
मागून चालत कोण बघत होतं?
हे मी दिगूला कधी बोलले नाही.
खटल्यात कुणी स्वतःविरुद्ध साक्ष देतं का?

आपल्याकडे आठवण काढतात म्हणतात.
विहिरीतून पाणी काढावं तशी,
असं मी धरून चालले होते.
चित्र काढावं तशीही असेल
हे ध्यानात आलं
तोवर रंग वाळले होते.

यंदा आई भिजवलेले वाल सोलत होती.
आमचं ऐकत, वर न बघता म्हणाली,
तुमचे बाबा कुठे होते त्या दिवशी?
ते ऑडिटला पालघरला.
तुम्हाला घेऊन गेला तो खालचा परसराम,
सायकलवाला लखवानी.
आणि सालं एका बाजूला करत राहिली.

आई एक्याऐंशीची आहे.
कामाच्या बाईला माझ्या नावानं हाक मारते.
तिचं काय मनावर घेतेस, दिगू म्हणाला,
आणि आयुष्यात पहिल्यांदाच
आम्ही दोघं एका बाजूला झालो.

पण परतताना रिक्षात,
तीन हात नाक्याच्या सिग्नलला,
हिशेब आपोआप मांडला गेला.
बाबा जिल्हा परिषदेत कारकून.
बोटांना शाई, बाह्यांना फायलींची धूळ,
धुतलेल्या शर्टाला निळीचा वास.
कारकुनाच्या खांद्याला
मशीनचं तेल कुठून येईल,
हा साधा प्रश्न
चाळीस वर्षांत आम्हा दोघांपैकी
एकालाही पडला नव्हता.

परसरामचा चेहरा आठवून पाहिला.
घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवणारे हात आले,
पंक्चरपाशी बुडबुडे आले,
चेहरा नाही आला.
मग बाबांनाच त्या रस्त्यावरून
हळूच बाजूला करून पाहिलं.
हलेनात.
मला खांद्यावर घेऊन चालतच राहिले
मिठागराच्या कडेकडेनं,
पालघर, ऑडिट, सगळं सोडून.

घरी आल्यावर भिंतीवरची तसबीर उतरवली,
हार बाजूला केला.
फोटो समोरून काढलाय.
कानामागचं काही दिसत नाही.

काल दिगूचा फोन आला.
गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळालीय,
आवाज बारीक झालेला.
डॉक्टर, खोली, खर्च, डबा कोण आणणार
हे सगळं बोलून झाल्यावर म्हणाला,
त्या दिवशी मीच होतो ना गं,
बाबांच्या खांद्यावर?

हो रे, म्हटलं. तूच होतास.

फोन ठेवला. जरा वेळ तशीच बसले.
चप्पल मात्र माझी होती.