अकराशे वीस ग्रॅम

भिंतीवर कांगारू काढायचं ठरलं होतं.
पेंटर बाविस्कर म्हणाला, सिस्टर, ते उड्या मारतं,
बाळ सांडेल की.
मग त्यानंच कुठूनसा कोआला शोधला :
खोडाला मिठी मारून बसलेला,
जांभळाएवढं नाक, डोळे कायम डुलकीत.

त्याचं बाळ म्हणे घेवड्याच्या दाण्याएवढं जन्मतं,
आंधळं, बिनकेसाचं,
आणि कुणी न शिकवता
चढत जातं आईच्या पिशवीकडे.

खिडकीबाहेर, त्र्यंबक रस्त्याला,
निलगिरी उभी आहे. त्याच्याच मुलखातली.
झाड आलं, झाडाचं जनावर तिकडंच राहिलं.
वायरमननं फांदी तोडली तिथं ढोली पडली,
ढोलीत पिंगळा.

कोआला वीस-वीस तास झोपतो.
पिंगळा आमच्यातला, नाइट ड्यूटीचा.
तो पाला चावतो; हा नाकतोडे, उंदरं,
आणि हाडाकेसांची गोळी थुंकून मोकळा.
पिशवी नाही ह्यांच्यात.
मादीला अंडं अंगाबाहेर ठेवावं लागतं,
पोटावरची पिसं झडू द्यावी लागतात,
उघडी कातडी
टेकवून बसावं लागतं, बस्स.

तीन नंबरच्या खुर्चीत
सुरगाण्याची मंजुळा गावित,
ब्लाऊज सोडलेला,
छातीवर अकराशे वीस ग्रॅम,
वरून सुती पट्टी.
आता हिला कुठल्या रकान्यात लिहू?

दोनला पिंगळा चिरकला. मंजुळा दचकली.
ताई, ह्याचं वरडणं चांगलं का वंगाळ?
पोरं भुकेजली असतील त्याची, मी म्हणाले.
खरं तर मला माहीत नाही.
तापमान लिहिलं : छत्तीस पूर्णांक चार.

कोआलाचा बाप पिल्लाला ओळखतसुद्धा नाही.
पिंगळ्याचा रात्रभर चोचीतून आणत राहतो.
मंजुळाचा नवरा दिंडोरीला, खरड छाटणीवर.
शनिवारी येतो,
दारातूनच बघतो, हात पाठीमागे.

ह्या शनिवारी त्याला आत घेतलं.
म्हटलं, कोपरापर्यंत धू. अजून धू.
मोरचुदाचा निळा नखांतून जाईना.
शर्ट काढ.
तो भिंतीकडे बघत म्हणाला, हे अस्वल का?
मी पट्टी बांधली. मंजुळा तोंडाला पदर लावून
हसत होती, पहिल्यांदाच.

बराच वेळ तो हललाच नाही.
मग अगदी हळू,
बाळाला ऐकू जाईल अशा भीतीनं, विचारलं,
बाई, श्वास घेऊ का?