खालून

लग्नात सगळ्यांना कॉफी हातात.
पाश्ककाकाला गुडघ्याखालून, अर्धाच कप.
भावाचं रक्त न फेडणाऱ्याला
श्कोदरच्या वरच्या डोंगरात असंच देतात.

भाऊ म्हणजे माझा बाप.
कप माझ्याच हातात होता.
आजोबांनी नुसतं पाहिलं,
मी पाय उचलला.

काका वाकला. गाळापर्यंत प्याला.
म्हणाला, साखर बरोबर पडलीय.

ओढ्यापलीकडे मराश, ज्यानं मारलं तो,
छपरावर फळ्या ठोकत होता,
खिळे ओठांत धरून.
त्याचा पोरगा खालून एकेक फळी देत होता.

काका गेला. मला अठरा सरली.
बंदूक खुंटीवर, बिनतेलाची.
आज भरल्या बैठकीत माझ्याकडे कप आला.
वाकल्यावर दिसलं,
देणाऱ्या पोराच्या मोज्याला भोक आहे.

काकाला माझं दिसलं असेल.