कळा

मनगटात कळ येते म्हणून कळा बदलायच्या,
एवढंच काम घेऊन जेल रोडला आलो.
जिन्याखालचं दुकान. लालवानी काचेवर दोन मांडतो:
एक एकसष्ट कळांचा, एक चौऱ्याऐंशीचा.
‘छोटा ले लो भिया, टेबल पे जगा बचेगी.’

निळा स्विच अडकित्त्यासारखा बोलतो.
तपकिरी, कुणी चपला बाहेर काढून आत यावं तसा.
रात्री दीडला मी कोर्टाचे कागद
हिंदीतून मराठीत आणतो,
आणि शाल्मलीची झोप कागदाहून पातळ.
म्हणजे तपकिरी.

पण धाकट्याला बाणच नाहीत.
चुकीपाशी परत जायचं तर दोन बोटं लागतात,
आणि माझं अर्धं काम
परत जाण्याचंच.

मग लिहून बघतो: काजळ. जवळ. मुळे.
ळ शिफ्ट दाबल्यावरच येतो,
ल च्या माडीवरचा भाडेकरू.
कळेवर छापलेलासुद्धा नाही, बोटालाच ठाऊक.
‘ये कौन सा अक्षर है?’ लालवानी वाकून बघतो.
माझं आडनाव, मी म्हणतो. मुळे.
मुले, तो म्हणतो. अच्छा.

चौऱ्याऐंशीचाच घेतला. चार हजार दोनशे.
बिलावर ‘मुले’ आलं.
त्याच्या कीबोर्डला बाण आहेत,
चारही.